पांदण

दिल्लीच्या आयोगाचं पत्र
अकरा दिवसांनी आमच्या शेडात आलं.
पोस्टमन म्हणाला, "कोर्टाचं दिसते बाई, सही करा."
माझे हात ऑइलचे,
सही कमी उठली, ठसा जास्त.

प्रश्न पहिला :
संत्रा-प्रतवारी यंत्रांच्या बाजारपेठेत आपले स्थान काय?
स्थान म्हणजे वरुड-मोर्शी रस्ता,
टायरवाल्याच्या पलीकडे, टिनाचं शेड.
दोन लेथ, एक ड्रिल,
मी, वर्षा कुकडे, आयटीआय टर्नर, बॅच अठ्ठ्याण्णव,
आणि सुधाकर ढोके,
जो जेवणाच्या सुट्टीतही वेल्डिंगचा चष्मा काढत नाही.

आम्ही रूळ करतो.
दोन रूळ, सुरुवातीला जवळजवळ,
पुढे फटीत फट वाढत जाणारे.
संत्रा वरून घरंगळत येतो,
लहान आधी पडतो, मोठा शेवटपर्यंत जातो.
रुळावर रबराची साल, फळाची साल खरचटू नये म्हणून.
ही अक्कल पुंजाराम धर्माळेंची.
पेटंट सातपुडा यंत्र कंपनीचं,
आणि सातपुडानं लेखी परवानगी दिली म्हणून
आमच्या लेथला नऊ वर्षं काम.

मार्चमध्ये ऑर्बिकानं सातपुडाकडून सहा पेटंटं घेतली.
ढोके म्हणाला, "कारखाना घेतला?"
नाही.
"यंत्रं?"
नाही.
"पोट्टे तरी ठेवले का कामावर?"
तेही नाही.
"मंग घेतलं तरी काय बावा त्यायनं?"
आपण रूळ करायचा नाही,
एवढंच घेतलं.

ऑर्बिकाचं स्वतःचं यंत्र आहे, पट्ट्याचं, कॅमेऱ्याचं.
चांगलं आहे. खोटं कशाला बोलू.
किंमत आमच्या सात यंत्रांची.
सहा पेटंटं त्यांनी कपाटात ठेवली
आणि आम्हाला दोन ओळींचं पत्र पाठवलं :
परवानगी संपुष्टात.

अमरावतीच्या वकीलबाई म्हणाल्या,
डोक्यानं काढलेली गोष्ट वीस वर्षं ज्याची त्याची,
त्यावर कायदा बोट ठेवत नाही.
पण शेजाऱ्याचं डोकंही तुम्हीच विकत घेतलं,
तर आयोग विचारतो,
बाकीच्यांनी जायचं कुठून?

हाच चौथा प्रश्न होता. खाली तीन रेघा मोकळ्या.
मी मागचं पान घेतलं आणि लिहिलं :

आमच्या गावी वासुदेव बेलसऱ्यानं
पांदणीच्या डावीकडचं शेत घेतलं.
खरेदीखत पक्कं.
चार वर्षांनी उजवीकडचं. तेही पक्कं.
मग एका पहाटे ट्रॅक्टर घातला
आणि मधली पांदण नांगरून टाकली.
म्हणे दोन्ही धुरे माझे, मधलं कोणाचं?
पलीकडच्या बारा जणांच्या संत्र्याच्या गाड्या
नाल्यातून फिरून जायला लागल्या.
तहसीलदार आले, मोजणी झाली.
ते म्हणाले, सातबारा तुझा, फेरफार बरोबर, शेत कर.
पांदण कोणाच्या नावावर नाही,
म्हणून ती तुला विकत घेता येत नाही.
तुरीखाली चाकोऱ्या अजून शाबूत होत्या.
गाडी बरोबर त्यातच बसली.

वकीलबाई हसल्या. म्हणाल्या, हे असं लिहीत नसतात.
मग म्हणाल्या, राहू द्या.

दोन बहार गेले.
ढोके लोखंडी गेट करत राहिला,
लग्नाच्या मंडपाचे खांब करत राहिला.
कोपऱ्यात अर्धवट रूळ, त्यावर कोळ्याचं जाळं.
लहान आधी पडतो,
हे मी हजार वेळा गिऱ्हाइकाला कौतुकानं सांगितलं होतं.
आता सांगवेना.

निकाल फोनवर ऐकला, लेथ बंद करून.
चार पेटंटं ऑर्बिकानं ठेवावीत,
पण मागेल त्याला, सारख्या दरानं, वापरू द्यावीत.
रबराची दोन तिसऱ्याला विकावीत, सहा महिन्यांत.
दर किती, ते अजून ठरायचं आहे.
धर्माळेंना सांगायला गेले तर ते अंगणात
नातवाच्या सायकलची चेन बसवत होते.
म्हणाले, "सहा होते का? मले पाचच आठवतात."

ऑर्बिकाचा अर्ज आला आहे, चौदा पानी.
ढोके विचारतो, "करू का सुरू?"
दर येऊ दे, म्हटलं.
तोवर जाळं झाड,
अन् लोखंड गंजलं किती, ते पाह्य.